माजी विद्यार्थिनींच्या देणग्यांतून मुलींचं वसतिगृह: कोणत्या क्रमानं काय करायचं

स्नेहमेळाव्यात कुणीतरी माईक हातात घेतं आणि म्हणतं, "आपण अठराशे जणी आहोत. प्रत्येकीनं पंधरा हजार दिले तरी दोन कोटी सत्तर लाख होतात!" टाळ्या पडतात. त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचा तरी क्यूआर कोड येतो. वर्षभरानं काही लाख जमलेले असतात. ते कुणाच्या खात्यात आहेत, पावती कुणी द्यायची आणि जागा नक्की कुठली, या तिन्ही प्रश्नांना तीन वेगळी उत्तरं मिळतात.

असे प्रकल्प पैसे नाहीत म्हणून क्वचितच अडतात. ते अडतात क्रम चुकल्यामुळे. आधी कागद, मग खर्चाचा आकडा, मग यादी, मग मोजक्या मोठ्या देणग्या, त्यानंतर जाहीर आवाहन आणि सगळ्यात शेवटी भूमिपूजन. बहुतेक ठिकाणी हे बरोब्बर उलटं होतं.

खालचा सगळा तपशील महाराष्ट्रातल्या, शिक्षणसंस्थेनं चालवलेल्या महाविद्यालयासाठी आहे. आवारात संस्थेची जागा आहे आणि साठेक मुलींचं वसतिगृह बांधायचं आहे, असं धरलं आहे. आयकराची कलमं मी सगळ्यांच्या तोंडी असलेल्या जुन्या क्रमांकांनी लिहिली आहेत. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६पासूनचा कायदा आहे आणि त्यात क्रमांक बदलले आहेत, तेव्हा फॉर्म भरताना सीएला विचारूनच भरा.

## १. इमारत कुणाची, हे आधी कागदावर आणा

माजी विद्यार्थिनींचा संघ वेगळा आणि संस्था वेगळी. जागा संस्थेची, पैसे संघानं आणलेले. मग इमारत कुणाची? हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारायला सगळ्यांना संकोच वाटतो आणि स्लॅब पडल्यावर तोच प्रश्न कोर्टात जातो.

मार्ग दोन आहेत. एक, संस्थाच बांधकाम करते आणि संघ तिच्या स्वतंत्र इमारत निधीत पैसे आणून देतो. दुसरा, संघ संस्थेकडून जागा भाड्यानं घेतो आणि स्वतः बांधतो. दुसरा मार्ग ऐकायला स्वाभिमानी वाटतो, पण सार्वजनिक न्यासाची बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्यात किती वेळ जाईल हे कुणी सांगू शकत नाही. माझं मत पहिल्या मार्गाच्या बाजूनं आहे, मात्र लेखी करार हवा.

करारात निदान एवढं असू द्या:

- इमारतीचा वापर मुलींच्या वसतिगृहासाठीच होईल, आणि तो बदलायचा तर संघाची लेखी संमती लागेल.
- निधीचं बँक खातं स्वतंत्र असेल आणि सह्या दोन लागतील, त्यातली एक संघाच्या प्रतिनिधीची.
- ठरलेल्या मुदतीत काम सुरू झालं नाही तर जमलेल्या पैशांचं काय होईल.
- इमारत उभी राहिल्यावर देखभाल कुणाची, फी कोण ठरवणार, वसतिगृह समितीत संघाच्या किती जणी.

हा करार संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या ठरावानं मंजूर झालेला हवा. प्राचार्यांचं प्रेमळ पत्र पुरत नाही. प्राचार्य निवृत्त होतात, ठराव संस्थेच्या इतिवृत्तात राहतो.

इथे थांबून तपासा: सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नाव संस्थेचंच आहे ना? सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा आहे का? जागा शासनानं शिक्षणासाठी दिलेली असेल तर तिच्या शर्ती काय आहेत? मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे त्या प्लॉटवर आणखी किती बांधता येतं आणि समोरचा रस्ता त्यासाठी पुरेसा रुंद आहे का? शेवटचा प्रश्न वास्तुविशारदाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

## २. पैसे घेण्याचा अधिकार आणि पैसे ठेवायची जागा

संस्थेची धर्मादाय नोंदणी असतेच. बघायचं ते पुढचं. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि कितीतरी संस्थांचे असे अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात. मोठा देणगीदार किंवा कंपनी परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद) मागते. त्यावर हयात नसलेल्या विश्वस्तांची नावं असली की बोलणं तिथेच थांबतं.

१२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) या आयकर नोंदण्यांची मुदतही बघा. २०२१नंतर त्या कायमच्या राहिलेल्या नाहीत, नूतनीकरण करावं लागतं. प्रमाणपत्रावरचं शेवटचं वर्ष मोठ्यानं वाचा. निधी उभारणीला तीन वर्षं लागणार असतील आणि मुदत मधेच संपत असेल, तर अर्जाची तारीख आजच कॅलेंडरवर टाका.

संघाची स्वतःची नोंदणीच नसेल आणि तरी संघाच्या नावानं वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेश मंडळं घेतात तशी विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क ची परवानगी लागते. एवढ्या रकमेसाठी त्या वाटेला जाऊच नका. पैसे थेट संस्थेच्या इमारत निधी खात्यात येऊ द्या.

खात्याला बँकेकडून संस्थेच्या नावाचा क्यूआर कोड घ्या, पण तो आधी पाठवू नका. आधी फॉर्म: नाव, पत्ता, पॅन, मोबाइल, बॅच, रक्कम आणि 'ही देणगी इमारत निधीसाठी आहे' असं एक वाक्य. फॉर्म भरल्यावरच कोड दिसू दे. कारण साधं आहे. यूपीआयनं आलेली रक्कम बँकेच्या उताऱ्यात एक लांबलचक क्रमांक आणि अर्धवट नाव घेऊन येते. 'एस एम पी, ५,००१ रुपये' ही कोण, हे मार्चअखेरीस शोधत बसावं लागतं. देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदलेला नसेल तर ती निनावी देणगी ठरते, आणि अशा देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांत जे जास्त असेल त्याच्या वर गेल्या, तर वरच्या भागावर तीस टक्के कर बसू शकतो.

फॉर्ममधलं ते एक वाक्यही शोभेचं नाही. इमारतीसाठी म्हणून स्पष्ट लिहून दिलेली देणगी कायम निधीत धरता येते. तसं नसेल तर वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करण्याचा नियम मागे लागतो, आणि तुमचं तर अजून जोतंही झालेलं नसतं.

सावध: "तोवर माझ्या खात्यात टाका, मग एकदम भरते" हे खजिनदारांचं औदार्य नम्रपणे नाकारा. ती रक्कम त्यांच्या उताऱ्यात दिसते, तिचा खुलासा त्यांना करावा लागतो, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना ८०जीची पावती मिळत नाही.

## ३. खर्चाचा आकडा: चौरस फुटाच्या दरावर थांबू नका

दर चौरस फुटाला गुणलं की बांधकामाचा आकडा मिळतो. वसतिगृहाचा मिळत नाही. उदाहरण करून बघू. दर तुमच्या गावाप्रमाणे बदला.

- ६० मुली, प्रत्येकी सुमारे १२५ चौरस फूट (खोली, जिना, न्हाणीघरं, भोजनगृह, रेक्टरची खोली धरून): ७,५०० चौरस फूट. २,२०० रुपये दरानं १ कोटी ६५ लाख.
- ठेकेदाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी: २९ लाख ७० हजार.
- वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागार: १० लाख.
- परवानग्या, विमा, चाचण्या: ८ लाख.
- बोअर, टाक्या, सौर बंब, कुंपण, वीजजोडणी: १५ लाख.
- पलंग, कपाटं, टेबलं (दर मुलीमागे २५ हजार): १५ लाख.
- आकस्मिक खर्च: २० लाख.
- निधी उभारणीचा खर्च आणि पहिल्या वर्षाची देखभाल: ७ लाख ३० हजार.

बेरीज २ कोटी ७० लाख. 'वसतिगृह १ कोटी ६५ लाखांत होतं' असं एकदा छापलं, की वरच्या एक कोटी पाच लाखांसाठी त्याच बायकांकडे पुन्हा जावं लागतं. दुसऱ्यांदा मागताना आवाज खाली येतो. जीएसटीचा परतावा मिळेल असं कुणी म्हणालं तर सीएकडून लेखी मागा. वसतिगृहाच्या फीवर कर लावत नसाल तर तो १८ टक्के खर्चातच जातो.

आराखड्यावर सही करण्याआधी आत्ता वसतिगृहात राहणाऱ्या चार-पाच मुलींना बसवून तो दाखवा. कपडे वाळत घालायची आडोशाची जागा, सॅनिटरी पॅडची विल्हेवाट, रात्री अकरानंतर अभ्यास करता येईल अशी खोली, आजारी मुलीसाठी वेगळी खोली, हे प्रश्न त्या दहा मिनिटांत काढतात. विश्वस्तांच्या बैठकीत ते वर्षभर निघत नाहीत.

## ४. यादी: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात निर्णायक काम

माजी विद्यार्थ्यांची यादी करणं आणि माजी विद्यार्थिनींची यादी करणं यांत मोठा फरक आहे. महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव माहेरचं आणि पत्ता वडिलांचा. आज ती बाई सासरच्या आडनावानं, दुसऱ्या गावात, कधी बदललेल्या पहिल्या नावानंही राहते. रजिस्टरवरचं नाव समाजमाध्यमांवर शोधून सापडत नाही आणि मग समिती म्हणते, "फारशा जणींचा पत्ताच लागत नाही." लागतो, पण वाट वेगळी आहे.

तक्त्यात रकाने असे करा: माहेरचं पूर्ण नाव, सासरचं किंवा आत्ताचं नाव, बॅच आणि शाखा, वसतिगृहात राहिली का, कोणत्या वर्षी, कुणाबरोबर, माहेरचं गाव, आत्ताचं गाव, नागरिकत्व, फोन, तिला ओळखणारी समितीतली व्यक्ती, शेवटचं बोलणं कधी झालं. 'कुणाबरोबर राहिली' हा रकाना सोन्याचा आहे. एक सापडली की खोलीतल्या उरलेल्या दोघी सापडतात.

शोधायचं ते असं:

- आधी वसतिगृहाची जुनी हजेरी आणि मेसची वही. जनरल रजिस्टर त्यानंतर.
- प्रत्येक बॅचची एक 'सूत्रधार' नेमा. ती हुशार असण्यापेक्षा सगळ्यांशी बोलणारी हवी.
- माहेरच्या गावी भाऊ, भावजय, किराणा दुकान, ग्रामपंचायत. गौरी-गणपती, दिवाळी आणि भाऊबीज हे माहेरवाशिणी गावात असण्याचे दिवस. त्या आठवड्यात फोन करा.
- संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं. इथे पैसे मागायचे नाहीत, फक्त फोन नंबर आणि आठवणी गोळा करायच्या.
- निवृत्त बाई, मेट्रन, ग्रंथपाल. यांच्या डोक्यात जी यादी असते ती कुठल्याच संगणकात नाही.

वसतिगृहात राहिलेल्यांना वेगळी खूण करा. देणगी देण्याची शक्यता त्यांची सगळ्यात जास्त. ज्या आपल्या घरी राहून शिकल्या त्यांना महाविद्यालयाबद्दल प्रेम असतं, पण पहाटे पाचला गरम पाण्याच्या रांगेत बादली घेऊन उभं राहिल्याची आठवण नसते.

यादी गुगल शीटवर टाकून सगळ्या ग्रुपना लिंक देऊ नका. पत्ते, फोन आणि पुढे देणगीचे आकडे असलेला तक्ता दोघी-तिघींकडेच राहू दे.

इथे थांबून तपासा: एकूण माजी विद्यार्थिनींपैकी निम्म्या तरी चालू फोन नंबरसह सापडल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका. अजून दोन सण थांबा.

## ५. भागाकार सोडा, जिना काढा

अठराशे जणींत समान वाटणी करून निधी जमत नाही. ज्यांची ऐपत पंधरा लाखांची आहे त्या पंधरा हजार देऊन मोकळ्या होतात, आणि जिला पंधरा हजार जड आहेत ती संकोचानं ग्रुप सोडते. त्याऐवजी २ कोटी ७० लाखांचा जिना असा काढा:

- ४० लाखांची १ देणगी: ४० लाख
- २० लाखांच्या २: ४० लाख
- १० लाखांच्या ५: ५० लाख
- ५ लाखांच्या १०: ५० लाख
- १ लाखाच्या ४०: ४० लाख
- २५ हजारांच्या ८०: २० लाख
- सरासरी ५ हजारांच्या ६००: ३० लाख

वरच्या अठरा जणींकडून १ कोटी ८० लाख, म्हणजे दोन तृतीयांश रक्कम येते. समितीचा वेळही त्याच प्रमाणात वाटा. आता यादी उघडा आणि प्रत्येक पायरीसमोर लागणाऱ्या देणग्यांच्या तिप्पट नावं लिहा. ५ लाखांच्या दहा देणग्यांसाठी तीस नावं. नावं सुचत नसतील तर एक तर यादी अपुरी आहे किंवा इमारत मोठी आहे. इमारत छोटी करणं यात कमीपणा नाही. पायाची ताकद दोन मजली धरून एकच मजला आधी बांधता येतो.

या टप्प्यावर वरच्या पायऱ्यांतल्या पंधरा-वीस जणींना भेटून फक्त मत विचारा. वसतिगृहाची गरज पटते का? संस्थेवर विश्वास आहे का? कशामुळे हात आखडता घ्याल? पैशांचा विषय त्या स्वतः काढतील तेवढाच. संस्थेच्या कारभाराबद्दलची जुनी नाराजी इथेच बाहेर येते. ती आत्ता ऐकलेली बरी.

## ६. नावं आणि फलक: मागण्याआधी दर ठरवा

पहिल्या उत्साही बाईंना दोन लाखांत 'सभागृहाला आईचं नाव' देऊन टाकलं जातं आणि वीस लाख देणारीला जिना उरतो. म्हणून इमारतीतल्या नाव देण्याजोग्या सगळ्या जागांची दरपत्रिका आधी करा: खोली, अभ्यासिका, भोजनगृह, गच्ची, एक पूर्ण मजला. दर बांधकामखर्चाशी जुळला पाहिजे असं नाही. सगळ्या नावांची बेरीज उद्दिष्टापेक्षा थोडी जास्तच ठेवा, कारण सगळ्या जागा कधीच जात नाहीत. संपूर्ण इमारतीचं नाव राखून ठेवा आणि त्याचा निर्णय कार्यकारी मंडळाच्या ठरावानंच घ्या.

फलकावर कृतज्ञतेनं नाव लावलं, त्यात धंद्याची जाहिरात नसेल, तर त्या देणगीवर जीएसटी लागत नाही. तसं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं २०१९चं परिपत्रक आहे. नावाखाली 'अमुक ज्वेलर्स, फोन नंबर' आलं की मात्र ती जाहिरात होते.

आणि नाव कोणतं? माहेरचं, सासरचं, दोन्ही, की आईचं? हे प्रत्येकीला लेखी विचारा, समितीनं गृहीत धरू नये. महाविद्यालयात ती ज्या नावानं ओळखली जायची ते नाव फलकावर हवं असं अनेकींना वाटतं आणि त्या आपण होऊन सांगत नाहीत. पावतीवरचं नाव मात्र वेगळा विषय आहे. ज्या खात्यातून पैसे आले आणि ज्याचा पॅन दिला, पावती त्याच नावानं निघते. नवऱ्याच्या खात्यातून रक्कम आली तर पावती नवऱ्याची, फलक तिच्या नावाचा. यात गोंधळ नाही, फक्त आधी सांगितलेलं हवं.

## ७. आवाज न करता मागणं

जाहीर आवाहनाआधी उद्दिष्टाची निम्मी रक्कम लेखी आलेली असली पाहिजे. क्रम असा: आधी समितीतल्या प्रत्येकीनं आपापल्या ऐपतीप्रमाणे द्यायचं, मग संस्थेच्या विश्वस्तांनी, मग जिन्याच्या वरच्या पायऱ्या. "तुम्ही स्वतः किती दिलेत?" हा प्रश्न येतोच, आणि त्याला उत्तर असावं लागतं.

भेटायला दोघी जा. एक तिची मैत्रीण किंवा बॅचमेट, दुसरी प्रकल्पाचे आकडे पाठ असलेली. वेळ आधी घ्या आणि 'वसतिगृहासाठी मदत मागायला येतोय' हे फोनवरच सांगा. 'सहज आलो होतो' म्हणून चहा पिऊन शेवटी विषय काढणं कुणालाच आवडत नाही.

रक्कम स्पष्ट मागा. "ताई, तुम्हाला जमेल तेवढं द्या" हे वाक्य नम्र वाटतं, पण ते समोरच्या बाईवर ओझं टाकतं. किती दिलं तर कमी दिसेल, हे तिला कळत नाही. त्याऐवजी:

"ताई, एक खोली पाच लाखांना ठेवली आहे. खालच्या मजल्यावरची ही खोली तुम्ही घ्याल असं आमच्या मनात आहे. दोन आर्थिक वर्षांत विभागून दिलेत तरी चालेल."

आणि मग गप्प बसा. ही शांतता जड वाटते म्हणून आपणच घाईनं "म्हणजे तीन दिलेत तरी…" असं बोलून बसतो आणि दोन लाख तिथेच जातात.

पुष्कळजणी "घरी बोलून सांगते" म्हणतात. तो नकार समजू नका. घरी दाखवायला एक पान द्या: इमारतीचा आराखडा, एकूण खर्च, करारातली मुख्य कलमं, खात्याचं नाव. पुढचा फोन कधी करायचा ती तारीख निघण्याआधी ठरवा.

होकार मिळाला की संकल्पपत्र भरून घ्या. रक्कम, हप्ते, तारखा, फलकावरचं नाव, सही. बँकेला हप्त्याची स्थायी सूचना देता आली तर उत्तम. संकल्पाच्या बेरजेतून मी दहावा हिस्सा वजा करूनच अंदाज बांधते. नोकरी जाते, आजारपण येतं, आणि त्यासाठी कुणाच्या मागे लागू नये.

सावध: ८०जीचं गाजर पुढे करू नका. साधारणपणे वजावट देणगीच्या निम्मी, तीही उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत मिळते. नव्या करप्रणालीत असलेल्यांना ती मिळतच नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आणि सिमेंट, विटा अशा वस्तूंच्या देणगीलाही नाही. "कर वाचेल" असं सांगून घेतलेली देणगी जुलैमध्ये विवरणपत्र भरताना रागाच्या फोनसह परत येते.

## ८. परदेशातल्या मैत्रिणी आणि कंपन्यांचे पैसे

इथे चूक झाली तर ती महाग पडते. बाई परदेशात राहते, एवढ्यानं काही ठरत नाही. पासपोर्ट कुठला हे विचारा. भारतीय पासपोर्ट असलेली अनिवासी भारतीय स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देते तेव्हा ती परकीय देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत नोंदीला ठेवा. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेली, मग तिच्याकडे ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरी, परकीय स्रोत आहे. तिचे पैसे एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाहीत, आणि ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात. भावाच्या खात्यात पाठवून त्याच्या नावानं देण्याची युक्ती सुचवली जाते. ती करू नका. एफसीआरए असलेल्या दुसऱ्या संस्थेकडून पैसे वळवून घेणंही २०२०च्या दुरुस्तीनंतर बंद आहे.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीसाठी महिलांची वसतिगृहं हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेला आहे. संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक हवा. कंपनीची वर्षाची योजना ठरते तेव्हा, म्हणजे एप्रिल ते जून, प्रस्ताव द्या. फेब्रुवारीत गेलं तर उरलेसुरले पैसे मिळतात आणि ते ३१ मार्चपूर्वी खर्चल्याचा दाखला मागतात, जो बांधकामात देणं कठीण. माजी विद्यार्थिनी एखाद्या कंपनीत अधिकारी असेल तर तिला योग्य खिडकी दाखवायला सांगा, शब्द टाकायला नको.

## ९. आता जाहीर करा

निम्मी रक्कम लेखी आलेली आहे, तेव्हा स्नेहमेळावा घ्या. "आपल्याला वसतिगृह बांधायचंय" असं सांगण्यापेक्षा "एक कोटी चाळीस लाख आलेत, उरलेल्यात तुमचा वाटा घाला" असं सांगितलेलं कानांना वेगळं लागतं. कार्यक्रमाचा खर्च वेगळ्या प्रायोजकाकडून घ्या, निधीतून नको.

नंतर मोहीम बॅचवार चालवा. दर बॅचला तिची मुदत आणि तिची खोली. ग्रुपवर '१. अमुक १०,००० २. तमुक ५,०००' अशी कॉपी-पेस्ट करत वाढत जाणारी यादी सुरू होऊ देऊ नका. पाचशे देणारी ती यादी बघून गप्प बसते. नावं अक्षरानुक्रमे, रकमेशिवाय जाहीर करा.

## १०. बांधकाम कधी सुरू करायचं

मुहूर्त निघाला म्हणून नाही. माझी अट अशी: आरसीसी सांगाडा आणि छतापर्यंतचे पैसे खात्यात, आणि उरलेल्याचे संकल्प लेखी. अर्धवट सांगाड्यासाठी कर्ज काढू म्हणाल, तर सार्वजनिक न्यासाला कर्जासाठीही धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते.

- मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय खोदाई नाही.
- निदान तीन ठेकेदारांकडून मोहोरबंद निविदा, त्याही तपशीलवार परिमाणपत्रकावर (कोणतं काम किती, याची यादी). विश्वस्तांच्या किंवा समितीतल्या कुणाच्या नात्यातला ठेकेदार असेल तर तिनं त्या बैठकीत बसू नये, आणि तसं इतिवृत्तात लिहावं.
- खोदाई दसऱ्यानंतर, जोतं आणि मातीभराव पावसाआधी.
- बिल मोजमापावर. वास्तुविशारदाची सही, मग समितीची, मग चेक. टीडीएस (बिलातून आधीच कापायचा आयकर) कापायला संस्थेचा टॅन (त्यासाठीचा आयकर क्रमांक) लागतो.
- दर स्लॅबला काँक्रीटचे ठोकळे भरून सात आणि अठ्ठावीस दिवसांची चाचणी, अहवाल फाइलला.
- आराखड्यातला बदल फक्त लेखी. "जरा एक बाल्कनी वाढवा" हे साइटवर उभ्या उभ्या सांगणाऱ्या देणगीदारांना हसून समितीकडे पाठवा.

भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमनाचा ना-हरकत दाखला मिळाल्याशिवाय एकाही मुलीला राहायला आणू नका. जूनमध्ये प्रवेश आहेत म्हणून दबाव येतो. तेव्हा वर्षभर जुनी व्यवस्था चालू ठेवा.

## ११. पावत्या, हिशेब आणि शेवटचं बिल

पावती आठवड्याच्या आत. देणगीदारांचं वार्षिक विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरायचं (सगळे त्याला १०बीडी म्हणतात) आणि त्यातून निघालेलं प्रमाणपत्र प्रत्येकीला पाठवायचं. हे विवरण भरलं नाही तर संस्थेला दिवसाला दोनशे रुपये शुल्क बसतं आणि देणाऱ्यांची वजावट अडकते. पॅनमधली एका अक्षराची चूकही पुरते, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात यादी बॅच-सूत्रधारांकडून तपासून घ्या.

दर तीन महिन्यांनी एक पान सगळ्यांना: किती आले, किती खर्चले, खात्यात किती, काम कुठवर, काय उशिरा चाललंय आणि का. फोटो दोनच पुरेत. उशीर लपवला की तो बाहेरून कळतो, आणि मग हप्ते थांबतात.

ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून राखून ठेवलेले पाच टक्के लगेच सोडू नका. करारातच लिहा की ते पहिला पावसाळा संपल्यावर मिळतील. ऑक्टोबरमध्ये वास्तुविशारदाला घेऊन गच्ची, न्हाणीघरांच्या खालची छतं आणि खिडक्यांच्या कडा बघा, गळती दुरुस्त करून घ्या, मग शेवटचा चेक फाडा.